आळ मुंगसावर

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात डोंगराला टेकून बसलेली एक वाडी आहे. पंचवीस-तीस उंबरे. कर्ते बाप्ये बहुतेक मुंबईला, माथाडीत नाहीतर कुठल्यातरी गाळ्यावर. मागं उरतात बायका, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं आणि कोंबड्या. या घरांतला रोजचा खुर्दा कोंबड्यांच्या जिवावर चालतो. पोराला वही हवी झाली की चार अंडी दुकानात जातात, जावई आला की कोंबडा जातो, आणि नवस फेडायचा म्हटलं तरी कोंबडाच. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत देशभरातल्या परसातल्या कोंबड्या ३१ कोटींच्या वर भरल्या. त्यांच्यावर टपून बसलेल्या घारी, मुंगसं, मांजरं आणि साप मात्र कुणी मोजले नाहीत, आणि ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना खरा रस त्याच आकड्यात असतो.

ज्ञानू शिमग्याला गावी आला तो परत न जाण्यासाठीच. पोती वाहून वाहून कंबर गेली होती. गाठीला थोडे पैसे होते आणि डोक्यात एक हिशेब होता. पाडव्याला पिल्लं आणायची, आखाडापर्यंत वाढवायची आणि श्रावण लागायच्या आत, सगळा मुलूख कोंबडी-मटणावर तुटून पडतो तेव्हा विकायची. हिशेब चुकीचा नव्हता. आखाडात परसातल्या कोंबड्याला मागाल ती किंमत येते, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. मोटारसायकलला जाळीचे खोके बांधून गावोगाव फिरणाऱ्या पिल्लंवाल्याकडून त्यानं गिरिराजची पन्नास पिल्लं घेतली. ही जात बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं परसातल्या पालनासाठीच तयार केलेली. अंगानं भरते, खरकट्यामुरकट्यावर वाढते, रंगीत पिसांमुळं पाचोळ्यात चटकन दिसून येत नाही. पण भारी अंगाची एक अडचण असते. घरच्या देशी कोंबड्या कुत्रं अंगावर आलं की फडफडत पेरूच्या फांदीवर जाऊन बसत. गिरिराजला ते जमत नाही. ती पळते, आणि पळून पळून किती पळणार?

घरात ज्ञानूची बायको सुनंदा, पाचवीतला पिंट्या आणि ज्ञानूची आई. आईला सगळी वाडी थोरली म्हणायची. तिच्या सात-आठ देशी कोंबड्या होत्या, त्यांचं खुराडं कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, जमिनीपासून हातभर उंच दगडी जोत्यावर. त्याला झाप होता आणि झापाला आतून-बाहेरून दोन खुंट्या. कुलूप कधी नव्हतं.

नवं खुराडं ज्ञानूनं पडवीला लागून उभं केलं. चार वासे, वर पत्रा, तीन अंगांना षटकोनी भोकांची जाळी, आणि पडवीच्या बाजूनं फळ्यांचं दार. दाराला मुंबईहून आणलेलं पितळी कुलूप लावलं.

थोरलीनं विचारलं, "कुलूप कशाला रं?"

"चोराला."

"हात असलेल्या चोराला कुलूप. बिनहाताच्या चोराला काय लावशील?"

ज्ञानू हसला. मुंबईहून आलेला माणूस पहिलं वर्षभर गावच्या म्हातारीला हसतच असतो.

चैत्रातच गळती लागली. भर दुपारी अंगणात चरणारी पिल्लं एकेक करून कमी व्हायला लागली. ना पीस, ना रक्त. सुनंदा धुणं वाळत घालायला मागं गेली की एक कमी, पिंट्या शाळेतून येईतो आणखी एक कमी. त्यातच थोरलीच्या देशी कोंबड्या कुंपणाखाली चोरून अंडी घालायच्या, तीही नाहीशी व्हायला लागली. कधी टरफलं सापडत, कधी तीही नाही.

मग एका दुपारी पिंट्यानं चोर पाहिला. शेजारच्या तात्यांच्या आणि यांच्या सामाईक बांधावर दगडांच्या फटीतून आधी एक टोकदार नाक बाहेर आलं. ते हवेत डावीउजवीकडं फिरलं. मागून तांबूस डोळे, मग राखी अंग, आणि शेवटी अंगाइतकीच लांब शेपूट. मुंगूस बांधावरून सरळ रेषेत चालत गेलं, मध्येच दोन पायांवर उभं राहून खुराड्याकडं टक लावून पाहिलं आणि निवडुंगात शिरलं. पिंट्यानं आरडाओरडा केला. ज्ञानू काठी घेऊन धावला तोवर बांधावर काही नव्हतं.

त्या दिवसापासून सगळं मुंगसाच्या खात्यावर जमा व्हायला लागलं. पिल्लू गेलं, मुंगूस. अंडं गेलं, मुंगूस. सुनंदाच्या पायलीतले दाणे कमी भरले तेव्हाही ज्ञानूनं बांधाकडंच बघितलं. चोराचं तोंड एकदा दिसलं की माणसाला फार बरं वाटतं, पुढची चौकशी वाचते.

ज्येष्ठात पाऊस लागला. कोयनेच्या खोऱ्यातला पाऊस सांगून कळत नाही. आठ-आठ दिवस डोंगर दिसत नाही, अंगणाचा चिखल होतो, घोंगड्या वाळत नाहीत. कोंबड्या दिवसभर पडवीत दाटीवाटीनं बसायला लागल्या. चाळीसेक उरल्या होत्या आणि चांगल्या भरल्या होत्या. नरांचे तुरे लाल व्हायला लागले होते. ज्ञानू रोज एकेक उचलून हातानंच वजनाचा अंदाज घ्यायचा आणि आखाडाच्या भावाचे मनात मांडे खायचा.

आणि एका सकाळी एक तलंग कमी भरली. दार बंद, कुलूप जसंच्या तसं. तीन दिवसांनी आणखी एक कोंबडी गेली. त्यानंतरच्या खेपेला एक नेलेली आणि एक मानेला चावा घेऊन तिथंच टाकलेली. सुनंदानं कुलूप हातात धरून पाहिलं, ज्ञानूनं जाळी तिन्ही बाजूंनी ओढून पाहिली. कुठं फाटलेली नव्हती. शेजारच्या बायकांनी देवाचं काही राहिलंय का विचारलं. कुणीतरी दबक्या आवाजात माणसाचं नावही घेतलं, ते इथं सांगण्यात अर्थ नाही.

ज्ञानूला मात्र संशय नव्हताच. बांधावरचं मुंगूस त्याच्या डोळ्यांसमोर होतं. थोरली त्या आठवड्यात लेकीकडं बाळंतपणाला गेली होती. ती असती तर पुढचं घडलं नसतं, असं सुनंदा नंतर म्हणायची. खालच्या अंगाला ज्याच्या उसाला हुमणी लागायची अशा एका पाहुण्याकडून ज्ञानूनं दाणेदार औषध पुडीभर आणलं. मेलेल्या कोंबडीचं पोट फाडून त्यात ते भरलं आणि अंधार पडल्यावर कोंबडी बांधावरच्या फटीपाशी ठेवून आला. मुंगूस मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपल्या बांधावर कोण बघायला येतंय, हाही एक कायदाच आहे आणि तो आपल्याकडं जास्त चालतो.

सकाळी बांधाच्या अलीकडं तात्यांचा मोती मरून पडला होता. तोंडाला फेस, पाय ताठ.

मोती तसा तात्यांचा, पण दोन्ही घरांची भाकरी खाणारा. रात्री त्याची ठरलेली फेरी असायची. तात्यांच्या गोठ्यापासून बांधावरून यांच्या पडवीपर्यंत, तिथं दाराशी दोन घटका बसायचा, मग मागच्या फणसाखालून परत. कधी भुंकायचा, कधी नुसताच गुरगुरायचा. त्याचं भुंकणं इतकं सवयीचं झालं होतं की कुणाला ऐकूच येत नसे. लेकीकडं निघताना थोरलीनं मोतीला रोज चतकोर घालायला सुनंदाला बजावलं होतं. त्या रात्री पावसाच्या नादात सुनंदा विसरली.

तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी फटीपाशी पडलेली अर्धी कोंबडी पाहिली, ज्ञानूच्या पडवीकडं पाहिलं, घमेलं-फावडं आणलं आणि मोतीला फणसाखाली खोल पुरलं. उरलेली कोंबडी काठीनं ढकलून त्याच खड्ड्यात घातली, म्हणजे दुसरं कुणी तोंड लावू नये. नंतर हातपाय धुऊन घरात गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सकाळचा चहा आपल्याच ओट्यावर घ्यायला सुरुवात केली. आजवर तो ज्ञानूच्या पडवीत व्हायचा.

मोती गेला त्या आठवड्यात तीन कोंबड्या गेल्या, त्यात आखाडासाठी राखलेला सगळ्यात थोराड नर होता.

थोरली परत आली ती अंगणात पाय ठेवतानाच म्हणाली, "मोती कुठं हाय?" सुनंदानं पदर तोंडाला लावला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हातारी ज्ञानूला एक शब्द बोलली नाही. हातपाय धुतले, तपकीर ओढली आणि पडवीत खुराड्यासमोर पोतं टाकून बसली. दिवसभर बसली.

संध्याकाळी तिनं घरातल्यांना एकेक करून विचारायला सुरुवात केली. पिल्लं कधी जायची? दुपारी. अंडी? दिवसाच. आणि या मोठ्या कोंबड्या? रात्री. किती वाजता, कुणी काही ऐकलं का? नाही.

"कोंबडा ओरडायचा का?"

"रोजच ओरडतो की," पिंट्या म्हणाला.

"तसं न्हवं. पिल्लू गेलं तवा कसा ओरडला?"

पिंट्याला आठवलं. पोरांना अशा गोष्टी आठवतात. चैत्रात कोंबडा मान वाकडी करून एका डोळ्यानं आभाळाकडं बघायचा, बारीक लांब आवाज काढायचा आणि सगळ्या कोंबड्या पेरूखाली नाहीतर गाडीखाली दबून बसायच्या. बांधावर मुंगूस दिसलं त्या दिवशी मात्र तो मान ताठ करून उभा राहिला आणि टक-टक-टक असा तुटक ओरडत राहिला, आणि कोंबड्या दबून बसायच्या ऐवजी माना उंच करून त्याच्याभोवती गोळा झाल्या. कोंबडा आभाळातल्या धोक्याला आणि जमिनीवरच्या धोक्याला वेगवेगळा आवाज देतो, हे पक्ष्यांच्या अभ्यासकांनीही तपासून पाहिलेलं आहे. थोरलीनं ते तपासलेलं नव्हतं, नुसतं साठ वर्षं ऐकलं होतं.

"म्हंजी पिल्लं घारीनं नेली," ती म्हणाली. "अंडी मुंगसानं नेली असतील, नाय म्हनत न्हाय. ते काय माळकरी न्हाय. पन रातची कोंबडी मुंगसाची न्हवं."

"कशावरून?" ज्ञानूनं विचारलं.

"मुंगूस दिवसाचं जनावर. अंधार पडला की त्ये बिळात. रातचं मुंगूस फिरताना तुझ्या बापानं तरी बघितलंय का?"

ज्ञानू गप्प झाला. पन्नास पिल्लं, जाळी, कुलूप, औषधाची पुडी असा सगळा खटाटोप त्यानं केला, पण चोरी दिवसाची की रात्रीची हा साधा प्रश्न त्याला पडला नव्हता.

दिवा लावून थोरली खुराड्याच्या दाराशी ओणवी झाली. दार नीट बसलेलं होतं, कुलूप घट्ट होतं. पण दाराच्या खालच्या फळीखाली तिची मूठ गेली. मग मनगट गेलं. मग कोपरापर्यंत हात आत गेला आणि आतल्या एका कोंबडीला लागला, ती कुरकुरली. ज्ञानूनं दार बसवलं तेव्हा तिथं बोटभरसुद्धा फट नव्हती, हे तो शपथेवर सांगत होता आणि ते खरं होतं.

तो खळगा कुणी उकरलेला नव्हता. उकरलेल्या मातीवर नखांचे ओरखडे असतात, माती एका बाजूला उडालेली असते. इथं माती पिठासारखी मऊ, कडा गुळगुळीत, आणि मध्ये बारकी पिसं. कोंबडीला मातीत लोळायला लागतं. अंगावरच्या उवा, पिसवा जाव्यात म्हणून ती कोरड्या मातीत खळगा करून पंख फडफडवत माती अंगावर घेते. चैत्र-वैशाखात सगळं अंगण त्यासाठी मोकळं होतं. ज्येष्ठात अंगणाचा चिखल झाला आणि कोरडी माती उरली ती फक्त पडवीत, पत्र्याच्या वळचणीखाली, बरोबर खुराड्याच्या दाराशी. चाळीस कोंबड्या रोज तिथं लोळल्या आणि लोळून लोळून त्यांनी स्वतःच दाराखालची वाट तयार करून दिली. चोराला नख लावायचीही गरज पडली नाही.

फळीच्या खालच्या कडेला एक कुसळ होतं, त्यात चार केस अडकले होते. थोरलीनं ते चिमटीत धरून दिव्यापुढं नेले. मुंगसाचा केस राठ असतो आणि एकाच केसावर काळा-पांढरा असे आळीपाळीनं पट्टे असतात. याच केसासाठी, चित्रकारांच्या ब्रशांसाठी म्हणून, मुंगसं आजही चोरून मारली जातात. हे केस मऊ होते, वाळलेल्या गवताच्या रंगाचे.

तरीही तिनं लगेच निवाडा दिला नाही. चुलीतली राख चाळली आणि दारापुढं हातभर रुंदीत पसरली. सकाळी राखेवर चार पावलं उठली होती. गोल, मध्ये गादी, पुढं चार बोटं, आणि नखांच्या खुणा कुठंच नाहीत. कुत्र्याचं, मुंगसाचं नख उमटतं. मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. घरच्या मांजरापेक्षा पाऊल बरंच मोठं होतं.

"रानमांजर," थोरली म्हणाली. "मोती होता तवर दाराशी यायला धजत न्हवतं. एखादी रात मोती पावसात गोठ्यात पडून राहिला की हात मारायचं. आता रोज मोकळं रान."

हे ऐकून ज्ञानू जागचा हलला नाही. मग म्हणाला, "फासा लावतो."

"लाव. एक मारशील. डोंगराच्या पल्याड काय हाय ठावं हाय न्हवं?"

पल्याड कोयनेचं अभयारण्य आहे, १९८५ सालापासून. २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. एक रानमांजर मेलं की त्याच्या हद्दीत दुसरं येतं, आणि येणाऱ्याला जुन्याची वाट आयतीच सापडते. शिवाय हीच मांजरं आणि हीच मुंगसं रात्रंदिवस उंदीर-घुशी मारत असतात. ती कमी झाली की कोंबड्यांच्या दाण्यावर उंदीर वाढतात, आणि उंदरांच्या मागून साप खुराड्यात येतो. थोरलीनं हे असं सांगितलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मांजराला मारायला तुला आख्खं रान मारायला लागंल. भोक बुजवायला एक फरशी पुरंल."

ओढ्यातून ज्ञानू आणि पिंट्यानं एक सपाट दगड उचलून आणला. ज्ञानूच्या कंबरेनं त्रास दिला, तरी आणला. दाराच्या उंबऱ्यात तो वीतभर खोल बसवला, वर फळी टेकली. आता दाराखाली करंगळी जात नव्हती. जाळीच्या खालच्या अंगाला, गुडघाभर उंचीपर्यंत, अर्ध्या इंची चौकोनी भोकांची जाड वेल्डेड जाळी लावली. षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवणं तिच्याच्यानं होत नाही. तिची तार कुत्र्याच्या दातानं तुटते आणि भोकातून पंजा आत येतो. नवी जाळी जमिनीपाशी बाहेरच्या बाजूला हातभर वाकवून मातीखाली पुरली, म्हणजे उकरणारा जाळीवर उभा राहूनच उकरत बसेल.

आणि थोरलीनं आणखी एक केलं, जे ज्ञानूला जन्मात सुचलं नसतं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला, दारापासून लांब, जुना टायर ठेवून त्यात राख आणि कोरडी माती भरली. कोंबड्यांना लोळायला जागा दिली नाही तर त्या दुसरा खळगा करणार, तोही कुठंतरी भिंतीच्या कडेलाच. दोन दिवसांत सगळ्या कोंबड्या टायरात.

घारीचा बंदोबस्त सोपा होता. पिल्लं मुठीएवढी असेपर्यंत डालग्याखाली, आणि मोकळी सोडायची ती माणूस अंगणात असेल तेव्हाच. देशी कोंबड्यांना अंडी घालायला भिंतीला उंच पाटी बांधली, आणि अंडी दिवसातून दोनदा उचलायची ठरवली. मुंगसाच्या वाट्याला मग फारसं काही उरलं नाही. ते बांधावरून येत-जात राहिलं, पण पडवीकडं कमी बघायला लागलं.

राहिलं दार. इथं एक गंमत बाहेर आली. दार कोण लावतं, असं थोरलीनं विचारलं तेव्हा ज्ञानू म्हणाला, सुनंदा. सुनंदा म्हणाली, हे लावतात. गेल्या महिन्यात दोन रात्री दार लोटलेलंच राहिलं होतं, आणि त्या दोन्ही रात्रींचं खापरही मुंगसावरच फुटलं होतं. पितळी कुलूप खुंटीला लटकत होतं. घरातल्या सगळ्यांचं काम असलं की ते कुणाचंच नसतं, हे सासरी नांदलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. थोरलीनं काम पिंट्याला दिलं. दिवेलागणीला कोंबड्या आपापल्या आत जातात, त्यांना अंधारात दिसत नाही म्हणून त्या उशीर करत नाहीत. उशीर करतो तो माणूस. पिंट्यानं आत वाकून मोठ्यानं मोजायचं, आकडा घरात ऐकू गेला पाहिजे, मग कडी. पोराला मान मिळाला, घरातल्या दोघा मोठ्यांना थोडी लाज मिळाली.

एकदा मोजणीत एक जास्त भरली. तात्यांची तांबडी कोंबडी पावसात चुकून या खुराड्यात शिरली होती. पिंट्या ती काखेत मारून बांधापलीकडं देऊन आला. तात्यांनी कोंबडी घेतली आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ज्ञानूबद्दल काही विचारलं नाही.

आखाडाच्या शेवटी शेवटी ज्ञानूच्या कोंबड्या विकल्या गेल्या. पन्नासांतल्या एकतीस हाताला लागल्या. दुसऱ्या कुणी एवढं गेल्यावर नशिबाला बोल लावला असता. ज्ञानूनं पैसे सुनंदाच्या हातात दिले, त्यातले थोडे बाजूला काढले आणि बांध ओलांडून तात्यांच्या ओट्यावर गेला. बरेच दिवसांनी. कोंबडीत औषध आपणच घातलं, मोती आपल्यामुळं गेला, असं त्यानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पैसे पुढं केले.

तात्या सुपारी कातरत होते. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला त्याच दिवशी कळलं हुतं," ते म्हणाले. "कुत्रं माझं मेलं, ज्ञानू. पन राखण तुझी गेली. म्या काय बोलायचं?"

पैसे त्यांनी घेतले नाहीत. बस म्हणाले. ज्ञानू बसला, तात्यांच्या सुनेनं चहा आणला, दोघं पावसाकडं बघत बसले. पिकापाण्याचं थोडं बोलणं झालं. मोतीचं झालं नाही.

त्यानंतर आजवर नव्या खुराड्यातून रात्री एकही कोंबडी गेलेली नाही. रानमांजराची पावलं अधूनमधून राखेत दिसतात. ते येतं, दाराशी हुंगतं, फरशीपाशी घुटमळतं आणि जातं. थोरली त्यावर काही बोलत नाही, फक्त सकाळी राख पुन्हा सारखी करते. दिवाळीला तात्यांनी पाहुण्यांकडून नवं कुत्रं आणलं, तेही मोतीसारखं काळं-पांढरंच आहे. ते दोन्ही अंगणांत फिरतं, सुनंदाच्या, पिंट्याच्या आणि थोरलीच्या हातची भाकरी खातं. ज्ञानूला त्याला खायला घालायची परवानगी तात्यांनी अजून दिलेली नाही.